ट्रेनरनंतरचे दुसरे विमान : गोव्यातील शेतांवर एक हंगाम उडवलेल्या ‘स्टिक’चे परीक्षण

रेडिओवर चालणारे ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचे मॉडेल विमान, ठरवलेल्या जागी निर्धास्तपणे उतरवता येऊ लागले, की पुढचे विमान कोणते घ्यावे हा प्रश्न प्रत्येक उडवणाऱ्यासमोर येतो. मी गेल्या नोव्हेंबरपासून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाल्सा लाकडाच्या किटमधून बांधलेले, ‘स्टिक’ पद्धतीचे, म्हणजे चौकोनी धडाचे आणि सरळ पंखाचे, १२०० मि.मी. पंखविस्ताराचे विमान सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील कापणी झालेल्या शेतांवर उडवले. वहीतल्या नोंदींप्रमाणे त्याची ९४ उड्डाणे झाली. त्याच काळात सोबत्यांची आणखी दोन विमाने, एक लो-विंग (धडाच्या खालच्या बाजूला पंख असलेल्या) लढाऊ विमानाची फोमची प्रतिकृती आणि एक हलके, कसरतींसाठीचे थ्रीडी विमान, मला अनेकदा उडवायला मिळाली. या तिन्हींच्या अनुभवावरून हे परीक्षण लिहितो आहे. माझे मत आरंभीच सांगतो : गोव्यात उडवणाऱ्याने दुसरे विमान म्हणून स्टिकच घ्यावे, मात्र किटमध्ये येणारी चाके आणि चाकांची तार पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावी.

माझे ट्रेनर १४०० मि.मी. पंखविस्ताराचे, फोमचे, वर पंख असलेले आणि आत जायरो (तोल आपोआप सांभाळणारे उपकरण) बसवलेले होते. अशा विमानाचा पंख खालून जवळजवळ सपाट असतो, दोन्ही बाजू टोकांकडे किंचित वर उचललेल्या असतात आणि सगळे वजन पंखाखाली असते. त्यामुळे हातातील रिमोटची दांडी सोडली की विमान आपोआप सरळ होते. शिकताना हा गुण अनमोल आहे. पण साठ-सत्तर उड्डाणांनंतर माझ्या लक्षात आले, की वळण संपवून विमान सरळ करण्याचे काम मी कधी केलेलेच नाही. ते विमानच करत आले होते. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढवला की नाक वर जाते, वारा समोरून आला की विमान फुग्यासारखे उचलले जाते, आणि बाजूचा वारा वर उचललेल्या पंखाखाली शिरून उतरण्याच्या ऐन क्षणी त्याला कलंडवतो. म्हणजे जो गुण शांत हवेत सांभाळून घेतो, तोच वाऱ्यात आड येतो. दुसऱ्या विमानाने हा आधार काढून घ्यावा, पण एकदम सगळा नव्हे, इतकीच माझी अपेक्षा होती.

दुसऱ्या विमानाकडे वळण्याआधी जायरो बंद करून ट्रेनर उडवून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. डावीकडून आणि उजवीकडून सारख्या आकाराचे आठ काढता आले पाहिजेत, विमान आपल्या दिशेने येत असताना डावे-उजवे उलटे होते तिथे हात अडखळता कामा नये, आणि सलग दहा वेळा उतरवताना किमान आठ वेळा ते आपण ठरवलेल्या पट्ट्यात टेकले पाहिजे. हे जमत नसेल, तर आणखी एक महिना ट्रेनरवर घालवणे नव्या विमानाच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

मी प्रथम पाहिली ती लढाऊ विमानांची चित्रे. गोव्यात वाढलेल्या माणसाला ती ओढ का वाटते, हे समजण्यासारखे आहे. दाबोळीला ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ आहे आणि त्याच्याजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक हे लढाऊ जेट, अलिझे आणि भलेमोठे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. शाळेच्या सहलीत ती विमाने पाहिलेल्या मुलाच्या मनात सी हॉक कायमचे बसते. माझ्याही मनात ते होते आणि आजही आहे. फोंड्याच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी दुसऱ्या विमानाबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आधी उतरायची जागा दाखव बाबा, मग विमान सांगतो.” एका रविवारी सकाळी ते स्वतः आमच्या शेतापर्यंत आले, बांधावरून चालत जाऊन त्यांनी पावलांनी लांबी मोजली, वाकून धसकटांची उंची पाहिली आणि सी हॉकचा विषय तिथेच संपला. त्या सकाळनंतर विमान निवडण्याची माझी पद्धत बदलली.

गोव्यात उतरायच्या जागा म्हणजे काय, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण परदेशी परीक्षणे डांबरी धावपट्टी किंवा कापलेले गवत गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे पहिली जागा म्हणजे सरद, म्हणजे पावसाळी भाताचे, पीक कापून झालेली भातशेते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती मोकळी होतात, जमीन वाळून घट्ट होते, पण चार ते सहा इंच उंचीची धसकटे उभी असतात आणि दर तीस-चाळीस पावलांवर बांध आडवा येतो. डिसेंबरनंतर काही शेतांत वायंगण, म्हणजे भाताचे दुसरे पीक, लागते, काहींत अळसांदे (चवळी), मिरची आणि भाजी; त्यामुळे नोव्हेंबरात मिळालेली जागा जानेवारीत निम्मी होते. दुसरी जागा सडा. जांभ्या दगडाचे ते उघडे पठार वरून आखल्यासारखे सपाट दिसते, झाडांचा अडथळा नसतो, पण दगड खरखरीत कानशीसारखा असतो आणि एका वाकड्या उतरण्यात प्रॉपेलर आणि फोमचे पोट दोन्ही जाते. तिसरी जागा गावचे फुटबॉल मैदान. ते भल्या सकाळी मिळते. मुले आली की विमान पेटीत गेले पाहिजे, यात तडजोड नाही. चौथी जागा किनारा, आणि ती मी कोणालाही सुचवणार नाही. खारी वाळू मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते, माणसांची वर्दळ असते, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे तर ऑलिव्ह रिडली कासवे अंडी घालायला येतात.

भोवती माड, पोफळी आणि काजू असतात, हेही विसरता येत नाही. काजूचे झाड बुटके असल्याने त्यात अडकलेले विमान निदान हाताशी येते. कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पोफळीच्या शेंड्यावर बसलेले विमान उतरवायला पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा माणूस, शोधावा लागतो. म्हणून आपले विमान अरुंद जागेत हळू आणि तिरके उतरता आले पाहिजे, धसकटांवर चाके चालली पाहिजेत आणि मोडले तर घरी दुरुस्त झाले पाहिजे. दिसण्याचा विचार त्यानंतर.

आता बाजारात सुचवल्या जाणाऱ्या पर्यायांकडे या नजरेने पाहू. इथे एक आकडा फार उपयोगी पडतो, तो म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर येणारा भार. माझ्या ट्रेनरचे क्षेत्रफळ २९.४ चौरस डेसिमीटर आणि वजन ९०० ग्रॅम, म्हणजे भार साधारण ३०.६ ग्रॅम. स्टिकचा पंख १२०० गुणिले २२० मि.मी.चा सरळ आयत आहे, क्षेत्रफळ २६.४ आणि उड्डाणाच्या तयारीतले वजन ११०० ग्रॅम, म्हणजे ४१.७ ग्रॅम. सोबत्याच्या लढाऊ विमानाचा विस्तार ११०० मि.मी., सरासरी रुंदी १७० मि.मी. आणि वजन १००० ग्रॅम, भार ५३.५ ग्रॅम. विमान ज्या किमान वेगाखाली हवेत तगत नाही तो वेग या भाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, तेव्हा पंखांची बाकी घडण सारखी धरली तरी ते लढाऊ विमान ट्रेनरपेक्षा जवळजवळ बत्तीस टक्के अधिक वेगाने जमिनीला टेकते. त्याचे वजनही थोडे अधिक, त्यामुळे धसकटांत थांबताना चाकांवर आणि पंखांच्या मुळाशी जी ऊर्जा जिरवावी लागते ती जवळजवळ दुप्पट होते. स्टिकचा किमान वेग याच हिशेबाने ट्रेनरपेक्षा सतरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. हा फरक शिकाऊ हाताला झेपतो. बत्तीस टक्क्यांचा माझ्या हाताला पहिल्या महिन्यात झेपला नाही.

लढाऊ विमानांत आणखी एक अडचण आहे. टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पंखाचे टोक आधी स्टॉल होण्याची, म्हणजे वेग कमी पडून उचल गमावण्याची, शक्यता अधिक असते, आणि तसे झाले की विमान त्या बाजूला एकाएकी कोसळते. उतरताना उंची पाच-सहा मीटरच असेल तर सावरायला वेळ मिळत नाही. आयताकृती पंखाचा स्टॉल मुळाकडून सुरू होतो, त्यामुळे टोकांकडचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखाच्या पट्ट्या) थोडा वेळ तरी काम देतात. स्पिटफायरसारख्या विमानांची चाके एकमेकांच्या फार जवळ असतात, हे तर प्रतिकृतीतही जसेच्या तसे उतरते. धसकटात एक चाक अडले की विमान पंखावर कलंडते. लो-विंगच हवे असेल, तर टी-२८ ट्रोजनसारखे रुंद पायांचे आणि मुळात प्रशिक्षणासाठी बनवलेले विमान घ्यावे, पण तेही फुटबॉल मैदान मिळणाऱ्यांनीच. पंख खाली असल्यामुळे बांध आणि पंख यांच्यामध्ये फारसे अंतर उरत नाही.

थ्रीडी विमान हलके असते, जवळजवळ उभे राहू शकते आणि लहान जागेत उतरते. कागदावर ते आपल्या शेतांना योग्य वाटते. प्रत्यक्षात त्याचे एलेरॉन आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) इतके मोठे असतात, की ट्रेनरवरून आलेला हात विमानाला सतत झटके देत राहतो. दुपारनंतरच्या समुद्रवाऱ्यात ते पतंगासारखे वाहवत गेले आणि मी दोनदा ते सोबत्याच्या हाती परत दिले. तिसरे विमान म्हणून ते उत्तम होईल. मोठ्या फुगीर चाकांची आणि फ्लॅप (हळू उतरण्यासाठी खाली वळणाऱ्या पंखाच्या पट्ट्या) असलेली हाय-विंग विमानेही पुष्कळ जण सुचवतात, आणि आपल्या धसकटांसाठी त्यांच्याइतके सोयीचे काही नाही, हे मान्य केले पाहिजे. माझा आक्षेप इतकाच, की ती पुन्हा ट्रेनरसारखीच सांभाळून घेतात आणि शिकणे तिथेच थांबते. डक्टेड फॅनच्या, म्हणजे नळीतल्या पंख्यावर चालणाऱ्या, जेटबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. त्याला गुळगुळीत धावपट्टी लागते आणि ती आपल्याकडे नाही.

‘स्टिक’ हा घाट नवा नाही. अमेरिकेतील रेडिओ-नियंत्रण यंत्रणांचे निर्माते फिल क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकात ‘अग्ली स्टिक’ हे विमान आखले. हेच क्राफ्ट १९६७ मध्ये रेडिओ-नियंत्रित कसरतींचे जागतिक विजेते ठरले. पेटीसारखे चौकोनी धड, त्यावर रबराने बांधलेला सरळ पंख, पंखाच्या मागच्या कडेला पूर्ण लांबीचे पट्टीसारखे एलेरॉन आणि झाकण नसलेले इंजिन, एवढाच त्याचा देह. पंखाची वरची आणि खालची गोलाई सारखी असते, म्हणून विमान सुलटे आणि उलटे जवळजवळ सारखेच उडते. त्याच घाटाची विजेवर चालणारी, लेझरने कापलेल्या लाकडाची किट आज आपल्या देशात अनेक जण विकतात. मी घेतलेले त्यांपैकीच एक.

किटची किंमत ४,८०० रुपये होती. ३५३६ आकाराची ९१० केव्हीची मोटर १,५००, चाळीस अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) १,३००, चार सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) १,४००, तीन सेलच्या २२०० एमएएच क्षमतेच्या दोन लायपो बॅटऱ्या ४,०००, वर चढवायचे कव्हरिंग ९०० आणि सरस, तारा, चाके मिळून ६००. सगळे १४,५०० रुपयांत बसले. रिमोट म्हणून ट्रेनरचाच फ्लायस्काय एफएस-आय६ वापरला. त्यात वीस विमानांच्या नोंदी ठेवता येतात, दांडीची संवेदनशीलता कमी-जास्त करणारे एक्स्पो आणि ड्युअल रेट आहेत, त्यामुळे दुसऱ्या विमानासाठी नवा रिमोट घेण्याची गरज नाही. पैसे बॅटऱ्यांवर खर्च करावेत.

लाकूड कापण्याचे काम चांगले होते. फासळ्या चौकटीत नेमक्या बसल्या आणि पंखाची चौकट एका रात्रीत उभी राहिली. आराखड्याबरोबरची सूचनापत्रिका मात्र अपुरी होती. एलेरॉनला तार जोडण्याचे हॉर्न कुठे लावायचे याचे चित्रच नव्हते आणि मोटर बसवायची प्लाय एवढ्या ताकदीच्या मोटरसाठी पातळ होती. मी तिच्या मागे आणखी एक थर चिकटवला. खरी नाराजी चाकांच्या तारेबद्दल आहे. अडीच मि.मी.ची मऊ तार आणि ५५ मि.मी.ची चाके देऊन विक्रेत्याने हे विमान शेतात उतरणार नाही असेच धरले होते. तिसऱ्याच उड्डाणात तार मागे दुमडली, प्रॉपेलर गेला आणि धडाच्या तळाचे लाकूड फाटले. त्यानंतर तीन मि.मी.ची पोलादी तार वाकवून घेतली, ७५ मि.मी.ची हलकी फोमची चाके लावली आणि चाके नाकाच्या दिशेने पंधरा मि.मी. पुढे सरकवली. तेव्हापासून धसकटात विमान नाकावर पडणे जवळजवळ थांबले. हा बदल मी किमतीचाच भाग समजतो. बांधायला सुरुवात करण्यापूर्वी सगळ्या फासळ्या आणि धडाच्या बाजू जाड कागदावर गिरवून ठेवल्या होत्या; त्याचा उपयोग पुढे झाला.

गुरुत्वमध्य आराखड्यात पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मि.मी.वर दाखवलेला आहे, म्हणजे रुंदीच्या सत्तावीस टक्क्यांवर. पहिल्या उड्डाणाला मी बॅटरी पुढे सरकवून तो ५७ वर ठेवला आणि दहा उड्डाणांनंतर आराखड्याप्रमाणे मागे आणला. ११ गुणिले ५.५ चा प्रॉपेलर लावून पूर्ण थ्रॉटलला मोजणी केली, तेव्हा मीटरने २३ अँपिअर आणि सुमारे २५० वॅट दाखवले. किलोला जवळजवळ २३० वॅट. लूपसाठी (हवेत उभे वर्तुळ काढण्यासाठी) आणि बांधावरून चटकन उचलून घेण्यासाठी एवढी ताकद पुरेशी आहे, उभे वर चढत राहण्यासाठी नाही, आणि दुसऱ्या विमानाला तेवढी नसलेलीच बरी. एलेरॉनची हालचाल आरंभी दोन्ही बाजूंना दहा मि.मी. आणि एक्स्पो तीस टक्के ठेवला. मी ही मापे महिनाभर बदलली नाहीत.

पहिले उड्डाण डिसेंबर उजाडण्याआधीच्या एका सकाळी, साडेसात वाजता झाले. त्या दिवसांत सत्तरीत सकाळी घाटाकडून पूर्वेचा गार वारा उतरतो; तो नऊच्या सुमारास पडतो आणि दुपारनंतर पश्चिमेचा समुद्रवारा सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळात हवा सर्वांत शांत असते. मी मुद्दाम पूर्वेचा वारा घेतला, कारण शेताची लांबी त्याच दिशेला आहे. विमान बारा-पंधरा पावलांत उचलले गेले आणि पहिल्याच वळणात फरक कळला. दांडी मध्यावर आणली तरी विमान कलते तसेच राहिले. मी वाट पाहत राहिलो, आणि ते त्याच कलाने, नाक हळूहळू खाली झुकवत वळत राहिले. मग उलट दिशेला दांडी देऊन ते सरळ केले. त्या एका वळणात मला माझ्या हाताचे काम प्रथम दिसले. पुढची दहा उड्डाणे मी वळण घालणे, थांबवणे आणि संपवणे या तीन क्रिया वेगळ्या करण्यातच घालवली.

रडरचा, म्हणजे शेपटीच्या उभ्या पट्टीचा, उपयोगही या विमानाने शिकवला. ट्रेनरमध्ये पंख वर उचललेले असल्याने नुसता रडर दिला तरी विमान कलते आणि वळते. स्टिकमध्ये ते फक्त नाक बाजूला फिरवते आणि कड काढत सरकते. हळू वेगात एलेरॉन दिले तर नाक क्षणभर उलट बाजूला जाते, तेव्हा बरोबर थोडा रडर द्यावा लागतो. एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी हलतील अशी रिमोटमध्ये व्यवस्था केली, तर हा दोष बराच कमी होतो. त्यासाठी प्रत्येक एलेरॉनला स्वतंत्र सर्व्हो आणि स्वतंत्र चॅनल हवा. या किटमध्ये ती सोय आहे, आणि किट निवडताना ती पाहूनच घ्यावे.

वाऱ्यातील वागणूक हा स्टिकचा सर्वांत मोठा गुण. एप्रिलमध्ये समुद्रवारा दुपारी एकपासूनच जोर धरतो आणि माझे ट्रेनर अशा वाऱ्यात जमिनीवरच राही. स्टिक समोरच्या वाऱ्यात वर फुगत नाही. थ्रॉटल वाढवला की ते नाक न उचलता पुढे जाते. बाजूच्या वाऱ्यात पंख सपाट असल्याने ते कलंडत नाही, फक्त वाहवते, आणि नाक किंचित वाऱ्याकडे ठेवून आणले की सरळ रेषेत उतरते. टेकण्याच्या क्षणी रडरने नाक सरळ करणे हे कौशल्य मला वीसेक प्रयत्नांनंतर आले. स्टॉल सौम्य आहे. तीस मीटर उंचीवर थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर ओढत नेला, तर नाक डुलते, विमान दोन-तीन मीटर खाली येते आणि दांडी सोडताच पुन्हा उडू लागते. हा प्रयोग प्रत्येक नव्या विमानावर पहिल्याच दिवशी, उंचीवर करून पाहावा. त्यावरूनच उतरण्याचा वेग ठरवता येतो. उलटे उडवताना एलिव्हेटर थोडासाच पुढे ढकलावा लागतो. पंचविसाव्या उड्डाणाला मी ते प्रथम उलटे केले आणि दहा सेकंद ठेवले. ट्रेनर असे उलटे राहतच नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. झाकण नसलेल्या मोटरमध्ये धूळ आणि पेंढ्याचे तुकडे जातात. दर पाच-सहा उड्डाणांनी फुंकून आणि मऊ कुंचल्याने साफ करावे लागते. सरळ पट्टीचा पंख पुष्कळ अवरोध करतो, त्यामुळे थ्रॉटल बंद केला की विमान लांब तरंगत जात नाही. ट्रेनरच्या सवयीने दूरवरून थ्रॉटल काढला, तर ते शेतापर्यंत पोहोचतच नाही. अरुंद जागेत मात्र हाच अवरोध कामाला येतो, कारण बांध ओलांडून विमान तिरके खाली आणता येते. २२०० च्या बॅटरीवर सात ते आठ मिनिटे मिळतात. मी गजर साडेसहा मिनिटांवर लावतो, म्हणजे एक प्रयत्न फसला तरी दुसऱ्यांदा फिरून यायला वीज उरते. आणि दूरवर गेल्यावर सपाट पंखाचे विमान येते आहे की जाते आहे, हे ओळखणे कठीण होते. मी पंखाच्या वरच्या बाजूला पिवळा रंग आणि खालच्या बाजूला काळे जाड पट्टे घातले. निळा आणि हिरवा रंग टाळावा. आपल्या डोंगरांवर आणि आकाशात ते दिसेनासे होतात.

फेब्रुवारीत माझ्या चुकीने विमान बांधावर आदळले. वळण फार खाली आणि फार हळू घेतले होते. धड पंखामागे मोडले, डाव्या पंखाच्या तीन फासळ्या गेल्या. रबराने बांधलेला पंख सुटून बाजूला पडल्यामुळे त्याचा कणा वाचला. स्क्रूने आवळलेल्या पंखाचे तसे झाले नसते. गिरवून ठेवलेल्या कागदांवरून नव्या फासळ्या कापल्या, धडाला आतून पातळ प्लायचे जोड दिले, आणि तीन संध्याकाळींत, दोनशे रुपयांच्या आत, विमान उभे राहिले. सोबत्याचे लढाऊ विमान त्याच महिन्यात नाकावर आपटले, तेव्हा फोमचे धड चिकटले खरे, पण चाकांचा मोल्ड केलेला सांगाडा वेगळा मिळाला नाही आणि ते उरलेला हंगाम घरीच राहिले.

नियमांबद्दल थोडे. ड्रोन नियम २०२१ मध्ये, केवळ शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या पंचवीस किलोंपर्यंतच्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेटची (त्या प्रकारच्या यानाला मान्यता देणाऱ्या प्रमाणपत्राची) अट नाही. हवाई क्षेत्राची बंधने मात्र पाळावी लागतात : अधिकृत नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. गोवा लहान आहे. दाबोळीचा तळ आधीपासून होता आणि जानेवारी २०२३ पासून पेडण्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळही चालू झाला. त्यामुळे मुरगाव आणि पेडणे तालुक्यांतील मित्रांनी अधिकृत नकाशा पाहिल्याशिवाय विमान बाहेर काढूच नये. शेत कोणाचे आहे, कोमुनिदादचे (गावच्या सामूहिक मालकीचे) की खाजगी, हे विचारून परवानगी घ्यावी, आणि गुरे चरत असतील तर त्या दिवशी दुसरे शेत पाहावे. मोटरच्या आवाजाने बुजलेली म्हैस बांध फोडून धावते आणि त्याचे नुकसान शेतकऱ्याला होते.

हवेचा मुद्दा बाल्सा घेणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवले, तर कव्हरिंग सैल पडून सुरकुत्या येतात. त्या इस्त्रीने काढता येतात. फोमचे पंख त्याच उष्णतेत वाकतात आणि ते सरळ करणे कठीण असते. बॅटरी तर गाडीत ठेवूच नये. पावसाळ्यात उलटे होते : फोमला काही होत नाही, बाल्सा मात्र दमट हवा ओढून घेतो आणि पंखाला पीळ पडतो. माझ्याकडे मागच्या पावसात एका जुन्या सुट्या पंखाला असा पीळ पडला होता. यंदा जूनच्या आधी मी पंख सपाट फळीवर चारही कोपऱ्यांना हलके वजन ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, प्लास्टिकमध्ये गुंडाळला, सर्व्होंच्या जोडांवर तेलाचा हलका हात फिरवला आणि बॅटऱ्या दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात ठेवल्या.

ज्यांना चार संध्याकाळी बसून लाकूड चिकटवण्यात रस नाही, ज्यांना पेटी उघडून तासाभरात विमान हवेत न्यायचे आहे, त्यांच्यासाठी हे किट नाही. त्यांनी मोठ्या चाकांचे, फ्लॅपवाले तयार फोमचे विमान घ्यावे आणि जायरो बंद करून उडवावे. ज्यांच्याजवळ घट्ट, कापलेल्या गवताचे मैदान आहे, त्यांना टी-२८ अधिक आनंद देईल. भातशेतावर, बांधांच्या मध्ये, पोफळींच्या कडेने उडवणाऱ्यासाठी मात्र स्टिकपेक्षा योग्य विमान मला आजवर मिळालेले नाही. दिवाळीनंतर सरद कापून झाले की तेच पुन्हा बाहेर काढणार आहे, तीन मि.मी.च्या तारेचा दुसरा जोड आणि ११ गुणिले ५.५ चे चार प्रॉपेलर आताच मागवून ठेवले आहेत.